सहजप्रेरित आहार

भूक, तृप्ती आणि खाण्यातून मिळणारे समाधान या शरीराच्या आतल्या संकेतांवरून कधी, काय आणि किती खावे हे ठरविण्याच्या पद्धतीला सहजप्रेरित आहार म्हणतात. ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ या मूळ नावानेही ती ओळखली जाते. उष्मांकांचा हिशेब, वर्ज्य पदार्थांची यादी किंवा वजनाचे उद्दिष्ट यांपैकी काहीही या पद्धतीत नसते. त्यामुळे ‘मनाला येईल ते खाणे’ असा तिचा सोयीस्कर अर्थ पुष्कळदा लावला जातो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे डाएट करून ज्यांना स्वतःची भूकच ओळखू येईनाशी झाली आहे, त्यांनी ती पुन्हा ओळखायला शिकण्याचा हा बराच चिकाटीचा अभ्यास आहे.

एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या कॅलिफोर्नियातील दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये याच नावाच्या पुस्तकातून ही पद्धती मांडली. आखून दिलेल्या आहाराने लोकांचे वजन उतरते, काही काळाने पुन्हा चढते आणि त्याचा दोष मात्र लोक स्वतःच्या निग्रहाला देतात, असा त्यांचा व्यवसायातील अनुभव होता. विचाराचे बीज त्याआधीचे आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ सूझी ऑर्बाक यांनी १९७८ मध्येच स्त्रियांवरील सडपातळपणाच्या दडपणाची स्त्रीवादी मीमांसा करताना डाएटऐवजी भुकेकडे लक्ष देण्याचा मार्ग सुचविला होता.

ट्रिबोली आणि रेश यांनी दहा तत्त्वे सांगितली आहेत. डाएटची मनोवृत्ती सोडणे हे पहिले, तर पोषणाचा सौम्य विचार हे दहावे. भुकेचा मान राखणे, पोट भरल्याची जाणीव ओळखणे, चवीचे समाधान घेणे, भावनांना अन्नाखेरीज वाट देणे, शरीराचा आदर करणे, व्यायामाचा संबंध वजनाशी न जोडता अंगातल्या तरतरीशी जोडणे ही तत्त्वे समजायला अवघड नाहीत. वादाचे तत्त्व आहे ते अन्नाशी समेट करण्याचे, म्हणजे कोणताही पदार्थ निषिद्ध न मानता तो खाण्याची स्वतःला विनाअट मुभा देण्याचे. निषिद्ध पदार्थ हाताशी आला की ‘उद्यापासून बंद’ म्हणत माणूस तो पोटापलीकडे खातो, आणि तो रोजच मिळू शकतो अशी खात्री पटली की त्याची ओढ हळूहळू ओसरते, असा यामागील तर्क आहे. पोषणाला शेवटचे स्थान मुद्दाम दिलेले आहे, कारण तो विचार आरंभीच आला तर डाएटला सरावलेले मन त्याचेच नवे पथ्य करून टाकते. व्यवहारात शिकणाऱ्याला शून्य ते दहा अशी भुकेची मोजपट्टी दिली जाते. शून्यावर भुकेने गळून गेल्याची अवस्था, दहावर मळमळ होईपर्यंत खाल्ल्याची. साधारण तीन-चारवर जेवायला बसावे आणि सहा-सातवर हात आखडावा, असे सुचविले जाते.

या संकेतांना शरीरक्रियेचा आधार आहे. रिकाम्या जठरातून स्रवणारे आणि भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधले. मेदपेशींतून स्रवणाऱ्या आणि ऊर्जेच्या साठ्याची वार्ता मेंदूला देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. जठराला पडणारा ताण जठर आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेवाटे, तर लहान आतड्यातील संप्रेरके रक्तावाटे आणि चेतांवाटे तृप्तीची सूचना मेंदूकडे पोहोचवितात. हे सारे घडायला काही मिनिटे जातात, आणि टीव्हीसमोर किंवा उभ्याउभ्या भराभर जेवणाऱ्याचे ताट तोवर संपलेले असते.

संकेत दडपले तर काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा मिनेसोटा विद्यापीठातील उपासमारीच्या प्रयोगातून मिळतो. नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात लढण्यास नकार देऊन हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात आले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, पण मनावर झालेला परिणाम अधिक लक्षणीय होता : ते पाककृतींची पुस्तके वाचत, ताटल्या चाटत, बोलणे फिरून फिरून अन्नावर येई, आणि पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमेना. पुढे १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी दाखविले की, खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या स्त्रियांना आधी मिल्कशेक दिला, तर त्या नंतर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खातात. नियम मोडलाच आहे तर आजच्या दिवस खाऊन घेऊ, ही डाएट करणाऱ्यांना चांगलीच परिचित असलेली मनःस्थिती त्यातून प्रयोगशाळेत नोंदली गेली.

ही पद्धती मोजण्यासाठी ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ट्रेसी टिल्का यांनी २००६ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. अशा प्रश्नावल्यांत अधिक गुण मिळविणाऱ्यांमध्ये आहारविकृतीची लक्षणे कमी आणि स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान अधिक आढळते. मात्र यांतील बरेच अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या नोंदींचे असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यांतून ठरत नाही. वजन कमी करण्याचे साधन म्हणून या पद्धतीकडे पाहणाऱ्यांची तर निराशाच होते, आणि पुरस्कर्ते तसा दावाही करीत नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप अन्नाच्या बदललेल्या स्वरूपाविषयी आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकत्याच दूध सुटलेल्या अर्भकांपुढे तीसेक साधे पदार्थ ठेवून निवड त्यांच्यावर सोपविली, तेव्हा मुलांची वाढ उत्तम झाली. पण त्या तबकात साखर आणि डबाबंद खाद्ये नव्हतीच. याउलट अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० व्यक्तींना हवे तितके खाण्याची मुभा दिली असता, अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे कारखान्यात बनविलेल्या तयार पदार्थांच्या आहारावर त्यांनी कमी प्रक्रिया केलेल्या आहारापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त घेतले. तेव्हा भुकेचा आवाज कितपत विश्वासार्ह, हे समोर काय वाढले आहे यावरही अवलंबून असते.

भारतीय परंपरेला हा विचार सर्वस्वी परका नाही. चरकसंहितेत ज्या तेरा नैसर्गिक वेगांचे धारण करू नये असे म्हटले आहे, त्यांत क्षुधेचा समावेश आहे. घरोघरची रीत मात्र निराळी आहे. पंगतीतला आग्रह आणि ‘पानात टाकू नये’ ही शिकवण तृप्तीच्या जाणिवेवर मात करतात. सर्वांचे झाल्यावर जेवणाऱ्या आणि उरलेसुरले संपविणाऱ्या गृहिणीची भूक तर स्वयंपाकघराच्या सोयीनेच चालते. महाराष्ट्रात लोकप्रिय झालेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. कडकडून भूक लागण्याच्या वेळा ओळखा, या सूचनेपर्यंत दोन्ही पद्धती सोबत चालतात. पुढे दीक्षित दिवसातून दोनच वेळा आणि ५५ मिनिटांच्या आत जेवणे अशी मर्यादा घालतात, आणि सहजप्रेरित आहाराला नेमकी तीच अमान्य आहे. धार्मिक उपवास सोडण्याचा आग्रह या पद्धतीत नाही. पण एकादशीच्या नावाखाली वजनासाठी उपाशी राहणे हे तिच्या दृष्टीने डाएटच होय.

वजनाला मध्यवर्ती न मानण्याच्या भूमिकेला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनामुळे वेगळे परिमाण मिळते. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली : दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३ इतकाच, पण मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेहाचा धोका असतो, म्हणून वजनकाटा हा येथे आरोग्याचा अपुरा साक्षीदार ठरतो. त्याच कारणाने रक्तशर्करेची तपासणी टाळून शरीराच्या संकेतांवर भिस्त ठेवणेही येथे परवडणारे नाही, कारण वाढलेली साखर पुष्कळदा कोणतीच जाणीव करून देत नाही.

काही अवस्थांत ही पद्धती जशीच्या तशी लागू होत नाही. अ‍ॅनोरेक्सियासारख्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या विकारात भुकेचे संकेतच बिघडलेले असल्याने उपचारांच्या आरंभी जेवणाच्या वेळा आणि प्रमाण ठरवून द्यावे लागते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना पिष्टमय पदार्थांचा अंदाज ठेवावा लागतो, आणि साखर उतरल्यास भूक नसतानाही खावे लागते. काही औषधे भूक वाढवितात, काही मारतात. जेथे पुढच्या जेवणाचीच शाश्वती नाही, तेथे आवडीनिवडीने खाण्याची भाषा अर्थातच लागू पडत नाही.