तेल वेगळं, पाणी वेगळं

सोळा-सतराव्या वर्षी मी दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुवायचो. नाकावरून बोट फिरवून चष्म्याला लावलं तर काच धुरकट व्हावी, इतकं तेल. धुतल्यावर गाल असे ओढले जायचे की हसायलाही जड जावं, आणि मला वाटायचं, वा, आता कुठे स्वच्छ झालं! दोन-तीन तासांनी कपाळ पुन्हा चमकायला लागायचं, वर नाकाच्या कडेला पांढरे पापुद्रे सुटायचे. एकाच चेहऱ्यावर तेलही आणि कोरडेपणाही, हे कोडं मला बरीच वर्षं उलगडलं नाही.

उलगडलं तेव्हा कळलं, की त्वचेच्या वहीत तेलाचं खातं वेगळं असतं आणि पाण्याचं वेगळं.

तेल बनवतात त्वचेतल्या तेलग्रंथी. कपाळ, नाक, हनुवटी इथे त्यांची दाटी असते, तळहात-तळपायांवर त्या मुळीच नसतात. त्यांना हुकूम मिळतो तो मुख्यतः अँड्रोजन गटातल्या संप्रेरकांकडून. म्हणून तर वयात येताना चेहरा अचानक तुकतुकायला लागतो. वरून किती वेळा धुतलं याच्याशी या ग्रंथींना देणंघेणं नसतं. पुसलेलं तेल काही तासांनी परत येतं, कारण कारखाना आत चालूच असतो.

पाणी सांभाळणं हे मात्र सर्वांत वरच्या थराचं काम. या शृंगस्तराची जाडी चेहऱ्यावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही कमी. त्यात मृत, चपट्या पेशींच्या विटा रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचा गिलावा भरलेला असतो. गिलावा धड असेल तोवर आतलं पाणी बेताबेतानं उडतं. त्याला भेगा पडल्या की पाणी भराभर उडून जातं, आणि बाहेरून येणारी रसायनं आत शिरून झोंबायला लागतात.

साबण नेमका या गिलाव्यावरच उठतो. तेल धुताना तो सांध्यांतली स्निग्धताही ओढून नेतो. शिवाय त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी, पीएच (आम्लता मोजणारा अंक, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ साली त्याला ‘आम्लाचं आवरण’ म्हटलं होतं. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १०. पीएचच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा ५ वरून ९ वर जाणं म्हणजे दहा हजारपट! सिरॅमाइड तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. त्वचा सावरते, पण त्याला वेळ लागतो. मी तर तेवढ्यात पुढच्या धुण्याला हजर असायचो.

आता त्वचेच्या प्रकाराकडे वळू. कोरडी, तेलकट, मिश्र ही वाटणी रूढ करण्याचं श्रेय बहुधा हेलेना रुबिनस्टाइन या सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिकेला दिलं जातं. वाटणी सोयीची आहे, पण कपाळावर कोरलेली नाही. वय, ऋतू आणि फेसवॉश बदलला की उत्तरही बदलतं.

स्वतःचं उत्तर घरी काढता येतं. सौम्य क्लीन्झरने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक आणि गालांवर दाबून उजेडात धरा. सगळीकडे पारदर्शक डाग दिसले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ-नाकावरचे तुकडे डागाळले तर मिश्र. कागद कोरडा आणि गाल ओढलेले असतील तर कोरडी. आणि डागही आहेत, ओढही आहे? मग तेलाला दोष देऊ नका, गिलावा बिघडलाय. संवेदनशील त्वचा हा मला वेगळा प्रकार वाटतच नाही. तो स्वभाव आहे, कोणत्याही प्रकारावर बसू शकतो.

दिनक्रम मग फार लांबत नाही. संध्याकाळी सौम्य, कमी पीएचच्या क्लीन्झरने धुणं, कोमट पाण्याने. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी पुरतं. चेहरा जरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. त्यातलं ग्लिसरीन किंवा युरिया पाणी धरून ठेवतं, सिरॅमाइड गिलाव्याची डागडुजी करतं आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वरून झाकण घालतात. १८७२ साली पेटंट घेतलेल्या या जेलीला पाणी अडवण्यात आजही तोड नाही, पण तेलकट चेहऱ्याला ती चिकट होते. तिथे ग्लिसरीनचं हलकं जेल बरं. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको हा समज मी अंगावर भोगलाय.

सकाळी शेवटी सनस्क्रीन. इथे बहुतेकांचा हात आखडतो. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. आपण सहसा त्याच्या निम्मंही लावत नाही, मग संरक्षणही तेवढं मिळत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. एसपीएफ ३० त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० वाला ९८. म्हणजे मोठ्या आकड्यापेक्षा पुरेसा थर महत्त्वाचा. यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण काचेतूनही येतात, तेव्हा दोन्ही अडवणारं, म्हणजे ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द असलेलं बघून घ्या. उन्हात फिरत असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

सिरमांच्या गर्दीत मी फार शिरत नाही. मुरुमांसाठी सॅलिसिलिक आम्ल कामाचं, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रांत उतरू शकतं. रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं मलम, रात्रीच, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. गरोदरपणात अजिबात नाही. एका वेळी एकच नवी वस्तू आणा, आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तरुण वयात वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आरशासमोर निकाल लावण्यात अर्थ नाही. मुरुम खोल, दुखरे असतील, खड्डे पडत असतील, तर मात्र थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

साबण सोडल्यावर माझ्या नाकाच्या कडेचे पापुद्रे महिन्याभरात गेले. कपाळ पुढे पंचविशीपर्यंत चमकतच राहिलं.