कापण्याआधी ओळखायला हवं

पाडायला काढलेल्या, बंद पडलेल्या कारखान्यातली लोखंडी टाकी. वर्षानुवर्षं रिकामी, झाकण घट्ट बसलेलं. आत तेल नाही, विषारी वायू नाही. तरीही आत उतरलेला धडधाकट माणूस काही क्षणांत कोसळू शकतो, कारण भिंतींवर चढलेल्या गंजाने आतला ऑक्सिजन खाऊन टाकलेला असतो. गंजणं म्हणजे लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोगच. मोकळ्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. मुख्य म्हणजे गुदमरल्याची जाणीव होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो साठतच नाही, म्हणून शरीर धोक्याची सूचनाही देत नाही. आत पाय टाकण्याआधी मीटरने हवा तपासावीच लागते, नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

पाडकामाला बांधकामाची उलटी फिल्म म्हणतात. मला ते पटत नाही. बांधताना प्रत्येक तुळई किती भार पेलणार, हे नकाशावर लिहिलेलं असतं. तीस-चाळीस वर्षांनी मात्र नकाशे सापडत नाहीत, मधल्या काळात कुणी नवे पाइप लटकवलेले असतात, कुठे आधार काढलेला असतो, गंजाने पत्रा पातळ झालेला असतो. एक तुळई कापली की तिचा भार त्याच क्षणी शेजारच्या तुळयांवर जातो. त्या तो पेलतील की नाही, हे कापण्याआधीच ठरवायला हवं. इंग्लंडमधल्या डिडकॉट वीज केंद्रात २३ फेब्रुवारी २०१६ रोजी बॉयलरची इमारत स्फोटाने पाडण्याची तयारी चालू असतानाच तिचा मोठा भाग कोसळला आणि चार कामगार गेले. उरलेला सांगाडा इतका बेभरवशाचा होता, की जुलैमध्ये तो पाडताना स्फोटकं लावण्यासाठी दूरनियंत्रित यंत्रं पाठवावी लागली.

आता गॅस कटरकडे जवळून पाहू. कामगार आधी ज्योतीने लोखंडाचा एक ठिपका लालभडक करतो, साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत. मग तो कटरची कळ दाबतो, शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि पांढऱ्या ठिणग्यांचा फवारा खाली उडतो. पाहणाऱ्याला वाटतं, लोखंड वितळतंय. खरं तर ते जळत असतं! जळून होणारं ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळतं, म्हणून झोताबरोबर वाहून जातं आणि फट पुढे सरकते. ॲल्युमिनियमचं उलट आहे. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरचं ऑक्साइड २००० अंशांच्याही पुढे. म्हणून ॲल्युमिनियम या कटरने कापता येत नाही. जुन्या लोखंडावर शिशाचा रंग असेल, तर त्याच ज्योतीने शिशाचा धूर होऊन तो थेट फुप्फुसात जातो. रंग आधी खरवडून काढायचा तो यासाठी.

भंगारात काय काय येऊ शकतं, हे १९८३ च्या अखेरीस मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये दिसलं. कर्करोगाच्या उपचाराचं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि त्यातल्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या बारीक गोळ्या वितळून बांधकामाच्या सळयांत उतरल्या. १९८४ च्या जानेवारीत अशा सळया नेणारा ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेपाशी चुकून आला, तिथला किरणोत्सर्गमापक वाजला, तेव्हा प्रकरण उघड झालं. आज भंगार घेणाऱ्या मोठ्या पोलाद कारखान्यांच्या फाटकावर असे मापक असतात.

धातू परत वापरण्याचा फायदा मोठा आहे. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजापासून लागणाऱ्या ऊर्जेच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. पोलादही कितीही वेळा वितळवता येतं, पण त्यात तांबं शिरलं की अडचण सुरू होते. भट्टीत ऑक्सिजन फुंकून कार्बन, सिलिकॉन जाळून काढता येतात. तांबं मात्र लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, त्यामुळे आधी लोखंडच जळतं आणि तांबं आत राहतं. पुढे पोलाद लाटण्यासाठी तापवलं, की पृष्ठभागावरचं लोखंड जळतं, मागे राहिलेलं तांबं १०८५ अंशांना वितळून कणांच्या सांध्यांत शिरतं आणि पोलादाला चिरा पडतात. विजेच्या मोटरमधलं तांब्याचं वेटोळं, केबलचे तुकडे हे सगळं भट्टीच्या आधी, छिन्नी-हातोडीने नाहीतर यंत्राने वेगळं करावं लागतं. भट्टीत गेल्यावर ते काढायची सोय नाही.