अशोकन फेअरवेल

अशोकन फेअरवेल ही फिडलवर वाजणारी एक संथ वॉल्ट्झ धून आहे, डी मेजरमधली, तीन मात्रांच्या ठेक्यातली. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त लोकसंगीत वाजवायचं असलं की अमेरिकेत त्याला फिडल म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही धून हमखास शंभर-दीडशे वर्षं जुनी वाटते, पण ती १९८२ मधली आहे, फिडलवादक जे उंगार (Jay Ungar) यांनी रचलेली, आणि ते मूळचे न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्सचे.

अशोकन हे न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल डोंगरांच्या भागात आहे, जुन्या गावाचा बराचसा भाग न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाखाली गेलाय. तिथे उंगार आणि त्यांच्यासोबत वाजवणाऱ्या मॉली मेसन उन्हाळ्यात फिडल आणि नाचाचे कॅम्प घ्यायचे, म्हणजे झाडांच्या सावलीत दिवसभर शिकायचं, वाजवायचं आणि रात्री सगळ्यांनी मिळून नाचायचं. कॅम्प संपला, सगळे पांगले, उंगार घरी आले आणि त्यांना एकदम रितं रितं वाटायला लागलं, त्यातून ही चाल सुचली. घडण स्कॉटिश विलापगीताची. नाव मॉली मेसन यांनी सुचवलं.

दोघांच्या फिडल फीव्हर या बँडने ती रेकॉर्ड केली, ते रेकॉर्डिंग डॉक्युमेंटरीवाले केन बर्न्स यांच्या कानावर पडलं आणि १९९० मध्ये त्यांच्या अमेरिकन यादवी युद्धावरच्या टीव्ही मालिकेची ती मुख्य धून झाली. मालिकेत ती २५ वेळा वाजते. सलिव्हन बलू या सैनिकाने १८६१ मध्ये बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातं तेव्हा मागे हीच असते, आठवडाभरात तो बुल रनच्या लढाईत जबर जखमी होणार असतो आणि त्यातच जाणार असतो, हे माहीत असताना ते सूर ऐकवत नाहीत. बाकी संगीत त्या काळातलं असल्यामुळे लोकांनी हिलाही युद्धाच्या काळातलीच धरलं, आणि तो समज अजून पुरता गेलेला नाही.

काही जण म्हणतात की ही खरी ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या पारंपरिक लोकसंगीतातली, धून नाहीच. मला ते पटत नाही. सुरुवात टीव्हीने करून दिली हे खरं, पण नंतर लोकांनी ती कानाने उचलली, आपापल्या वाद्यावर बसवली, लग्नात वाजवली, अंत्यविधीत वाजवली, आणि लोकधून अशीच तर तयार होते. ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्सच्या बँडनेही ती वाजवली आहे.