क्लबफूट : प्लास्टर आणि शस्त्रक्रिया

जन्मतःच बाळाचे पाऊल आत व खाली वळलेले असणे, टाच वर ओढलेली असणे आणि तळव्याची कमान खोल असणे या विकृतीस क्लबफूट म्हणतात. साधारणतः १,००० जन्मांमागे एका बाळात ती आढळते. मुलग्यांमध्ये तिचे प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट असून सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वाकडे असतात. आईने ग्रहण न पाळल्यामुळे पाय वाकडा होतो, ही आपल्याकडील समजूत निराधार आहे.

हा पाय हाताने वळवून बांधण्याचा उपाय हिपोक्रेटिसच्या काळापासून ज्ञात होता. विसाव्या शतकात अमेरिकेतील हायरम काइट यांनी प्लास्टरची पद्धत रूढ केली. मात्र तीत पावलाच्या बाहेरील कडेवर, टाचेच्या हाडापुढील सांध्यापाशी दाब दिला जाई, त्यामुळे टाचेचे हाड फिरण्यास वाव राहत नसे आणि महिनोन्‌महिने प्लास्टर घालूनही अनेक पाय सरळ होत नसत. म्हणून प्लास्टरच निरुपयोगी असा समज पसरला. १९७१ मध्ये व्हिन्सेंट टर्को यांनी घोट्याच्या आतील व मागील बाजूचे आखडलेले अस्थिबंध, सांध्यांची आवरणे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) एकाच वेळी मोकळ्या करणारी शस्त्रक्रिया मांडली व ती झपाट्याने प्रचारात आली. पाऊल दिसायला सरळ होई, पण आत व्रणऊती, म्हणजे जखम भरताना तयार होणारी ताठर ऊती, साचे. अशा रुग्णांपैकी अनेकांना प्रौढपणी ताठरपणा, वेदना व संधिवात यांचा त्रास झाल्याचे दीर्घकालीन पाहणीत दिसून आले.

मिनोर्का बेटावर जन्मलेले इग्नासियो पोन्सेती (१९१४–२००९) यांनी आयोवा विद्यापीठात १९४०च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली. पहिल्या प्लास्टरमध्ये पायाच्या अंगठ्यामागील हाड उचलून कमान सपाट करायची आणि मग घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर आपल्या हाताचा अंगठा टेकवून उरलेले पाऊल त्याभोवती हळूहळू बाहेर फिरवायचे, असा तिचा गाभा आहे. प्लास्टर मांडीपर्यंत असते व दर आठवड्याला बदलले जाते. बहुधा पाच-सहा प्लास्टर पुरतात. तरीही टाच वरच राहिल्यास, आणि बहुसंख्य बाळांत ती राहतेच, टाचेमागची अकिलीस कंडरा बारीक छेदाने कापून तीन आठवड्यांचे अखेरचे प्लास्टर घालतात. तेवढ्या काळात कंडरा लांबून पुन्हा जुळते. म्हणजे शस्त्रक्रिया हद्दपार झाली नाही, ती एका छेदापुरती उरली. पोन्सेती यांच्या या पद्धतीवरील १९६३ च्या लेखाकडे फारसे लक्ष गेले नाही. १९९५ मध्ये तीस वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर, आणि पुढे इंटरनेटवरून पालकांनीच केलेल्या प्रसारामुळे, ही पद्धत जगभर पोहोचली.

उपचाराची खरी कसोटी मात्र प्लास्टर निघाल्यानंतर घरीच लागते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. बाळ रडते म्हणून ते काढून ठेवणे हे विकृती पुन्हा उद्भवण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. असा पुन्हा वाकडा झालेला पाय बहुधा प्लास्टरनेच सरळ करता येतो. चालताना पाऊल आत वळत राहिल्यास साधारण अडीच-तीन वर्षांनंतर नडगीपुढील स्नायूची कंडरा बाहेरच्या बाजूला हलवतात. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज आता मुख्यतः इतर आजारांशी निगडित ताठर पायांना आणि वर्षानुवर्षे उपचाराविना राहिलेल्या काही पायांना भासते. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूटचा समावेश आहे.