छायाचित्रे, लग्नाची व प्रवासाची (नाशिक)

लग्नकार्य, तीर्थयात्रा व सहली यांची छायाचित्रे काढणे, जपणे आणि नातलगांत वाटणे ही घरगुती प्रथा. ही नोंद नाशिक शहर व त्याचा परिसर यांपुरती आहे. मांडवात फोटो कसे काढतात हे वाचकास ठाऊक असल्याने त्याचे वर्णन येथे केलेले नाही.

संज्ञा : लेखी मराठीत ‘छायाचित्र’ हा शब्द स्थिरावला. मूळ ग्रीक शब्दघटकांचा अर्थ ‘प्रकाशाने लिहिणे’ असा असल्याने काहींनी ‘प्रकाशचित्र’ हा काटेकोर पर्याय वापरला. तो जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. बोलण्यात ‘फोटो’च चालतो. हिंदीत तो ‘खींचते हैं’, मराठीत ‘काढतात’. रांगोळी आणि चित्र ज्या क्रियापदाने काढतात, त्यानेच. या प्रयोगाची संगती दोन प्रकारे लावता येते : ‘चित्र काढणे’ याचा तो विस्तार असावा, किंवा निगेटिव्हवरून प्रत काढण्याच्या कृतीवरून तो आला असावा. प्रत काढण्यासाठी ‘कॉपी काढणे’ हा स्वतंत्र प्रयोग होताच, तेव्हा पहिली उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. ‘तसबीर’ हा अरबी मुळाचा जुना शब्द चौकटीत बसवलेल्या, बहुधा देवादिकांच्या चित्रापुरता उरला. भिंतीवरील फोटोला हार घातला की ती व्यक्ती हयात नाही, हा संकेत मात्र अजून पक्का आहे. गळ्यात हार असलेले वधूवर फोटोत चालतात, फोटोला हार चालत नाही.

प्रारंभ : फ्रेंच संशोधक दागेर याची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या वर्तुळात भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार होते. नाशिकच्या परंपरेचा आरंभ मात्र दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्यापाशी शोधण्याचा मोह होतो. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा व मृत्यू नाशिकचा. कालक्रम या तर्काला अनुकूल नाही. फाळके छायाचित्रण शिकले बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रकार म्हणून त्यांनी धंदा मांडला तो गोध्रा येथे, १८९५ च्या सुमारास. प्लेगमध्ये पत्नी व मूल गेल्यावर तो बंद झाला. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्यानंतर ते नाशिकला आले ते चित्रपटनिर्माते म्हणून. १९१८ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीमुळे रसायने, भिंगे आणि ती हाताळणारी माणसे गावात आली असतील. घरगुती फोटोची प्रथा त्यामुळे सुरू झाली असे म्हणणे जड जाते.

याहून जुना आणि अधिक संभाव्य मार्ग रेल्वे व छावणी यांचा आहे. १८६० च्या दशकात थळ घाटातून लोहमार्ग आला आणि देवळालीस लष्करी छावणी वसली. मायदेशी पाठवण्यासाठी स्वतःची छबी हवी असणारे गिऱ्हाईक तेथे बारमाही होते. स्टुडिओ प्रथम अशा वस्तीच्या आधाराने तगावा आणि गावातील सुखवस्तू कुटुंबे नंतर त्याच्याकडे वळावीत, हा क्रम इतर छावणीच्या गावांशीही जुळतो. फोटोने आयुष्य कमी होते ही समजूत ओसरण्यास किती काळ लागला हे कुटुंबागणिक वेगळे असावे.

मांडवातील तंत्र : आरंभीची छायाचित्रे लग्नाची असली तरी मांडवातली नव्हेत. लग्नानंतर एखाद्या दिवशी जोडपे स्टुडिओत जाई. एक खुर्चीवर, दुसरे उभे, मागे रंगवलेला पडदा. मांडवात उजेड अपुरा असे आणि उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवणे कापडी छताखाली धोक्याचे होते. एकदाच वापरायचे फ्लॅशबल्ब १९३० च्या आसपास बाजारात आले. सामान्य लग्नांत ते त्यानंतर बऱ्याच काळाने आले असावेत.

दुसरी अडचण हळदीची होती, आणि तिचा उल्लेख या विषयावरील लेखनात सहसा येत नाही. फिल्मच्या आधी वापरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या काचपट्ट्या केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनशील होत्या. पिवळा रंग निळा प्रकाश फारसा परावर्तित करत नाही, म्हणून हळद लागलेला चेहरा त्यांवर उजळण्याऐवजी काळवंडलेला उमटे. जर्मन रसायनज्ञ फोगेल याने १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून हिरव्या प्रकाशाची संवेदनशीलता साधली आणि पिवळा सुधारला. तांबडा मात्र तसाच राहिला. परिणामी कुंकू काळे, लाल शालूही जवळजवळ काळा. सर्व रंगांना दाद देणाऱ्या पट्ट्या १९०६ पासून विकत मिळू लागल्या, तरी लहान स्टुडिओंनी त्या लगेच घेतल्या नसाव्यात. तांबड्या दिव्याखाली धुता येणाऱ्या पट्ट्या सोयीच्या होत्या, नव्या मात्र पूर्ण अंधारात हाताळाव्या लागत. निगेटिव्हवर पेन्सिलने केलेले रीटचिंग आणि प्रतीवर हाताने भरलेले रंग यांकडे केवळ हौस म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास ती बऱ्याच अंशी या दोषाची दुरुस्ती वाटते.

तिसरा प्रश्न क्षणाचा. शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि हार पडतो. हे सारे काही सेकंदांत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पुन्हा भरायला तेवढाच वेळ घेई. त्यातून ‘थांबा, हार परत घाला’ ही सूचना जन्मली. छायाचित्रातील कितीतरी हार दुसऱ्यांदा घातलेले आहेत. १२० रोलवर चौरस आकाराचे बाराच फोटो निघत, ३५ मिमी. रोलवर छत्तीस. उटकमंडच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल, घरगुती वापराचा अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा, धंदेवाइकांचा दुहेरी भिंगाचा याशिका कॅमेरा : या साधनांच्या पिढीत फोटोग्राफर रोल मोजून वाटत असे. विधींना थोडे, उरलेले आहेराला.

नोंदवहीचे कार्य : या वाटपातच प्रथेचे मर्म दिसते. लग्नाचा अल्बम म्हणजे विधींचा दस्तऐवज, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु सप्तपदी, कन्यादान, लाजाहोम यांचे फोटो मोजकेच असतात. बाकीची पाने व्यासपीठावर वधूवरांच्या दोन्ही बाजूंस उभ्या राहिलेल्या पाहुण्यांची असतात. ‘जेवलात का’च्या जोडीने ‘फोटो झाला का’ हे विचारले जाते. आत्याचा फोटो राहिला तर तो मानापमानाचा विषय होतो. आहेराच्या वहीत जशी नावे लिहितात, तशी येथे माणसे उभी करतात. कोण आले, कोणाशेजारी उभे राहिले, कोण आले नाही. नाशिककरांना ही रीत परकी नव्हती. रामकुंडावरील व त्र्यंबकेश्वरातील तीर्थोपाध्ये यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. आलेला यात्रेकरू त्यांत आपले गाव, कूळ, सोबतची माणसे लिहून सही करतो आणि त्याचा नातू पुढे ते पान पाहतो. अल्बम या वहीतून निघाला असे म्हणता येणार नाही. दोहोंचे काम मात्र एक आहे.

वाटप : छापील काळात अल्बम एकच असे आणि माणसे त्याच्याकडे येत. काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले फोटो, मध्ये बटर पेपर. चहा-पोह्यांसोबत अल्बम मांडीवर येई, हवे ते फोटो क्रमांक लिहून सांगितले जात, तेवढ्याच कॉप्या निघत व मागे तारीख घालून टपालाने जात. पुढे रंगीत रोल आणि ‘क्यूएसएस’च्या पाट्या आल्या; ती रोल धुऊन प्रती काढणाऱ्या जपानी यंत्राच्या ‘क्विक सर्व्हिस सिस्टिम’ या नावाची आद्याक्षरे होत, हे दुकानदारांनाही क्वचितच ठाऊक असे. व्हिडिओ कॅसेट, सीडी, फोटो थेट पानांवर छापलेला करिझ्मा अल्बम, पेनड्राइव्ह हे त्यानंतरचे टप्पे.

व्हॉट्सअॅपने दिशा उलटवली. फोटो माणसांकडे जाऊ लागला. पाठवताना तो आकसतो आणि काढल्याची वेळ व जागा यांची आत साठवलेली माहिती सहसा गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास दोन्ही टिकतात. स्टेटस २४ तासांत जाते. अलीकडे क्यूआर कोड दाखवून व पाहुण्याचा चेहरा ओळखून त्याचेच फोटो त्याला देण्याची सोय असते. सोय खरी, पण शेजारी कोण उभे होते हे पाहण्याचा प्रसंग तीत उरत नाही.

विवाहपूर्व चित्रीकरणासाठी गंगापूर धरणाचा काठ, द्राक्षबागा, गोदाघाट आणि जुने वाडे यांना मागणी आहे. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. ओझर विमानतळ व देवळालीची लष्करी हद्द जवळ असल्याने परवानगीचा प्रश्न येथे नेहमीचा.

प्रवास : प्रवासाच्या छायाचित्रांचा मागोवा त्रोटकच राहतो. सप्तशृंगगड, भंडारदरा, सापुतारा ही जवळची ठिकाणे. लांबची म्हणजे काशी-रामेश्वर. काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची रीत आहे. त्या जेवणाला गंगेच्या पाण्याबरोबर फोटोही फिरू लागले. त्र्यंबकेश्वराच्या गर्भगृहात छायाचित्रणास मनाई असल्याने यात्रेचा फोटो बहुधा पायरीवरचा वा कुशावर्त कुंडावरचा असतो, देवाचा नव्हे.

कायदा : १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार (कॉपीराइट) अधिनियमाच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे यजमान, छायाचित्रकार नव्हे. व्यवहारात समज अनेकदा उलटा आढळतो. संरक्षणाची मुदत पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षे होती. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराची हयात अधिक ६० वर्षे झाली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा केवळ घरगुती कामासाठी केलेल्या वापरास लागू होत नाही.

जतन : कृष्णधवल प्रती बऱ्या टिकल्या. १९७०–८० च्या रंगीत प्रतींतील निळसर रंजक आधी उडते व सारे लग्न तांबूस दिसू लागते. गोदावरीचे पूर हे स्थानिक कारण वेगळेच. २००८ व २०१९ मध्ये पाणी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या वर चढून सराफ बाजारात शिरले. भिजलेल्या प्रतीवरील जिलेटिन फुगते व वाळताना समोरच्या प्रतीला चिकटते. म्हणून असा अल्बम उन्हात न वाळवता थंड स्वच्छ पाण्यात ठेवून पाने हलके सोडवतात आणि प्रती चेहरा वर करून सावलीत पसरतात. गूगल फोटोजमधील मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. १५ जीबीच्या मर्यादेत आता लग्न, यात्रा आणि सकाळच्या शुभेच्छांची चित्रे एकत्र राहतात.