पार्श्वभूमी : ‘सोलापुरी चादर’ शोधणाऱ्या यंत्राची गोष्ट

सोलापूरच्या चाटी गल्लीत, कापडबाजारात, उभं राहून कोणी मोबाइलवर ‘सोलापुरी चादर’ असं लिहितं आणि पापणी लवायच्या आत पडदा भरून जातो. तेवढ्या वेळात यंत्र जगभर फिरून आलं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते आधीच फिरून आलेलं असतं. आपण विचारतो तेव्हा ते फक्त स्वतःची वही उघडतं. ही वही कशी तयार झाली आणि तिच्यात मराठी इतक्या उशिरा का आली, हे सोलापुरात बसून समजून घेण्यासारखं आहे, कारण इथला बराच मजकूर अजून त्या वहीबाहेर आहे.

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही वही. ‘चादर’ या शब्दापुढे तो ज्या ज्या पानांवर आला त्यांचे क्रमांक, ‘टॉवेल’पुढे त्याचे. पानावरून शब्द नव्हे, तर शब्दावरून पान, म्हणून तिला उलटी सूची म्हणतात. दोन शब्द एकत्र विचारले की दोन्ही याद्यांत समान असलेली पानं निवडायची. मग उरतो खरा कस लागणारा प्रश्न : त्यातलं पहिलं पान कोणतं दाखवायचं?

सुरुवात अगदी साधी होती. १९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेजने ‘आर्ची’ बनवलं. वर्ल्ड वाइड वेब लोकांपर्यंत पोचायच्या आधीची ही गोष्ट. आर्ची वेगवेगळ्या संगणकांवरच्या फायलींची नुसती नावं गोळा करायचं. आत काय लिहिलंय, हे त्याला ठाऊक नसे. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी घडवलेलं वेब आलं, तेव्हा नव्या सर्व्हरची, म्हणजे पानं पुरवणाऱ्या संगणकांची यादी ते स्वतः हातानं ठेवत होते. ते हाताबाहेर जायला फार दिवस लागले नाहीत. जून १९९३ मध्ये एमआयटीच्या मॅथ्यू ग्रेने वेबवर फिरणारा पहिला प्रोग्रॅम सोडला, तो वेबचा पसारा मोजण्यासाठी.

डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचरने ‘जम्पस्टेशन’ सुरू केलं. दुव्यावरून (लिंकवरून) दुव्यावर जाऊन पानं गोळा करणं, त्यांची सूची करणं आणि विचारणाऱ्याला उत्तर देणं, ही तिन्ही कामं एका जागी पहिल्यांदा इथं झाली. संगणकाची ताकद बेताची, म्हणून जम्पस्टेशन पानांची फक्त शीर्षकं आणि मथळे टिपायचं. विद्यापीठाकडून पैशाचं पाठबळ मिळालं नाही आणि १९९४ च्या अखेरीस हे काम थांबलं. आज ज्या साच्यावर सगळी शोधयंत्रं उभी आहेत, तो साचा बसवणाऱ्याचं नाव फारसं कोणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पानावरचा प्रत्येक शब्द सूचीत घेण्याचं काम १९९४ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनच्या ‘वेबक्रॉलर’ने केलं. त्याच वर्षी मार्टिन कोस्टर यांनी एक शिरस्ता सुचवला. साइटच्या दारावर एक छोटी फाइल ठेवायची आणि यंत्रानं कुठं यावं, कुठं येऊ नये, हे तीत लिहायचं. ती पाळायची सक्ती कुणावरही नव्हती, तरी बहुतेक यंत्रं ती पाळत आली. तिला रीतसर प्रमाणाचा दर्जा मिळाला तो २०२२ साली.

याहूने वेगळी वाट धरली. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्डात माणसांनी लावलेल्या वर्गवारीची यादी सुरू केली. ग्रंथालयात विषयवार कार्डांचे खण असतात, तशी. अडचणही तीच. सोलापुरी चादर कुठल्या खणात घालायची? कापडाच्या, महाराष्ट्राच्या, की दुकानांच्या? वेब वाढत गेलं आणि माणसं कमी पडली. याहूची ही यादी २०१४ च्या शेवटी बंद झाली.

डिसेंबर १९९५ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ आलं आणि वेगाचा प्रश्न जवळपास सुटला. मग दुसरा उभा राहिला : हजारो पानं मिळतात, पण कामाचं पान सापडत नाही. कुठला शब्द किती वजनाचा, याचं एक उत्तर केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ सालीच देऊन ठेवलं होतं. जो शब्द सगळीकडे येतो त्याला किंमत कमी, जो मोजक्या ठिकाणी येतो त्याला जास्त. ‘आणि’ला काही वजन नाही. ‘चादर’ला आहे. ‘जॅकार्ड’ला त्याहून जास्त. (जॅकार्डचं नाव निघालंच आहे तर : चादरीची नक्षी ठरवणारी ती छिद्रांची कार्डं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत छिद्र पाडलेल्या कार्डांवर यंत्रानं मोजणी झाली आणि पुढे संगणकालाही बरीच वर्षं तशीच कार्डं लागत. सोलापूरच्या मागाचं आणि संगणकाचं नातं लांबचं असलं तरी रक्ताचं आहे.)

पण नुसत्या शब्दांवर विसंबलं की लबाडी होते. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसत नाही, पण यंत्र फसतं. यावरचा उपाय स्टॅनफर्डात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ पासून घडवला. त्यांच्यासोबत राजीव मोटवानी हे जम्मूत जन्मलेले प्राध्यापकही होते. कल्पना बाजारातलीच आहे. एखादं दुकान स्वतःविषयी काय सांगतं ते राहू द्या. दुसरे दुकानदार गिऱ्हाइकाला ‘त्यांच्याकडं जा’ म्हणतात का? आणि असं सांगणाऱ्याचा स्वतःचा शब्द बाजारात किती चालतो? प्रत्येक दुवा म्हणजे एक शिफारस आणि शिफारशीचं वजन शिफारस करणाऱ्याच्या वजनावर. हे हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून आकडे स्थिरावेपर्यंत ते पुन्हा पुन्हा मांडावे लागतात. यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानातले लेख कोण कोणाचा दाखला देतं यावर मोजायला १९६० च्या दशकातच सुरुवात केली होती. पेज आणि ब्रिन यांच्या शोधयंत्राच्या, म्हणजे गूगलच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे २ कोटी ४० लाख पानं होती. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी झाली.

शिफारशीवरून नावलौकिक कळतो, माल अस्सल आहे का ते कळत नाही. भौगोलिक मानांकन असलेली चादर आणि तिच्या नावावर खपवलेली नक्कल यांतला फरक दुवे मोजून समजणार नाही. त्यात जाहिरातीही असतात. प्रत्येक क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्राने रुळवली आणि ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने ‘ॲडवर्ड्‌स’ आणलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच सांगतो की निकालावर ‘प्रायोजित’ लिहिलंय का, ते आधी बघा.

आता मराठीकडे. भारतात सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत मराठी वेबवर दिसू लागली, पण यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. डोळ्यांना ‘चादर’ दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं, तीही प्रत्येक फॉन्टमध्ये निराळी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून ती आधी साठवली जाई. अशा पानावर शोधयंत्राला एकही मराठी शब्द सापडणं शक्य नव्हतं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती नीट दाखवणारी विंडोज आली २००० साली आणि जुने फॉन्ट त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा कुठे सूचीत घालण्याजोगा मजकूर हळूहळू साठू लागला.

युनिकोडनंतरही गुंते राहिले. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत. दिसायला एकच शब्द, यंत्राला दोन. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागली की रूप बदलतो : सोलापूर, पण सोलापुरात, सोलापुरी. ऊकार दीर्घाचा ऱ्हस्व होतो. प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढायचा म्हटलं, तर आपल्या गावचा ‘माग’च अडवतो. ‘मागावर’ म्हणजे कापड विणायच्या मागावर, की कुणाच्या पाळतीवर? ‘मागा’ म्हणजे मागाचं सामान्यरूप, की मागण्याची आज्ञा? हे भोवतालच्या वाक्यावरूनच कळतं. वाक्य बघून अर्थ लावणारी बर्ट ही पद्धत गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसकट सत्तरेक भाषांत लावली.

गावाच्या नावाचाही घोळ आहेच. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरवर ‘शोलापूर’ छापलंय. दोन्ही एकच गाव, हे यंत्राला शिकावं लागतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ऑगस्ट २०१७. त्या महिन्यात गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत आठ भारतीय भाषांची भर पडली. त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू होत्या, म्हणजे सोलापूरच्या रस्त्यावर रोज कानावर पडणाऱ्या चारही. मागावर उभं राहून तेलुगूत बोलणाऱ्या आजीला तेव्हापासून कीबोर्डची गरज उरली नाही.

राहिलेला मजकूर मात्र राहिलेलाच आहे. बाबांनी २००१ च्या सुमारास जुनी मिल आणि नरसिंग गिरजी या इथल्या गिरण्यांच्या कामगारांच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. तो फॉन्ट आता कोणत्याच मशीनवर नाही. फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून एकेक फाइल मी युनिकोडमध्ये आणतोय. रफार आणि अर्धा र हातानं दुरुस्त करावा लागतो. ‘गिरणीच्या भोंग्या’चा भोंगा तर प्रत्येक वेळी बिघडतो. आतापर्यंत अकरा फायली झाल्यात, सव्वीस बाकी आहेत.