अंडमोचन

अंडाशयातील पक्व पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती द्रवाने भरलेली पिशवी) फुटून तिच्यातली अंडपेशी बाहेर पडणे, या क्रियेला अंडमोचन म्हणतात. जन्मलेल्या मुलीच्या अंडाशयांत १० ते २० लाख अपक्व अंडपेशी असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि त्यांतल्या जेमतेम ४०० ते ५०० कधी ना कधी बाहेर पडतात. बाकीच्या आतच जिरतात.

पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या एफएसएच या पुटिका वाढवणाऱ्या संप्रेरकाने काही पुटिका वाढू लागतात, पण बहुधा एकच पुढे सरकते. तिच्यात तयार होणारे इस्ट्रोजेन एरवी पीयूषिकेला आवरून धरते. तेच सुमारे दोन दिवस चढे राहिले, की उलटा परिणाम होतो आणि पीयूषिकेच्याच एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट उसळते. लाट सुरू झाल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी पुटिका फुटते. अंडनलिकेच्या टोकाची झालर अंडपेशी टिपून घेते. रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड होऊन ते प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते.

अंडमोचन पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशीच होते, हा समज पाठ्यपुस्तकातल्या २८ दिवसांच्या आकृतीने घट्ट केला आहे. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत विरते आणि पाळी येते. चक्र लांबते ते बहुतेक वेळा अंडमोचनाआधीच्या टप्प्यामुळे. म्हणजे ३५ दिवसांच्या चक्रात अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास. दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे, हे १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले. तोवर दोन पाळ्यांच्या मधोमधचा काळच गर्भ राहू नये यासाठी ‘सुरक्षित’ आहे असे सांगणारे डॉक्टर होते! अंडपेशी १२ ते २४ तासच टिकते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतो. त्यामुळे गर्भधारणेची शक्यता अंडमोचनाच्या आधीच्या दिवसांत अधिक असते.

वंध्यत्वाच्या दवाखान्यात ‘फॉलिक्युलर स्टडी’ करतात. नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी करून पुटिका मोजतात. शेवटी ती दिवसाला सुमारे दोन मिलिमीटरने वाढते. ती १८ ते २० मिलिमीटर झाली, की गरजेनुसार ‘अंडे फुटण्याचे इंजेक्शन’ देतात. घरी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान नोंदवण्याची पद्धतही जुनी आहे. पण अर्ध्या अंशाच्या आतबाहेरची ती वाढ प्रोजेस्टेरॉनमुळे होते, म्हणजे अंडमोचन उरकल्यावर दिसते. मूत्रातील एलएच दाखवणारी पट्टी एखादा दिवस आधी सूचना देते.